औषध कोंबडीला, की खुराड्याला?

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुका म्हणजे धानाच्या बांध्या आणि त्यांना लागून असलेले जंगल. या भागात पुष्कळ घरांच्या अंगणात पाच-दहा गावरान कोंबड्या असतात. कोंबडी खुडूक झाली, की टोपलीत तणीस घालून, दहा-बारा अंडी मांडून तिला उबवणीला बसवतात. हे काम २१ दिवसांचे. या काळात ती दाणापाण्यापुरतीच उठते. पण कधी कधी असे होते, की दहा-बारा दिवस नेटाने बसलेली कोंबडी अचानक अंडी सोडून देते. धरून बसवली तरी पुन्हा उठते. 'बिथरली' म्हणून घरची माणसे तिचा नाद सोडतात आणि अंडी वाया जातात.

अशा वेळी टोपलीतली तणीस एखाद्या पांढऱ्या कापडावर झटकून पाहा. कचऱ्यासोबत काही बारीक ठिपके पडतील. क्षणभर थांबलात, तर त्यांतले काही ठिपके चालू लागतील! एक ठिपका नखाने चिरडा. कापडावर लाल डाग उमटला, तर ते कोंबडीचे रक्त होय. कोंबडी बिथरलेली नसते. रात्रभर तिला कोणीतरी शोषत असते आणि अंड्यांवर बसलेली असल्यामुळे तिला पळताही येत नाही.

पुढे काय होते, ते तुम्ही पाहिले असेल. घराच्या कोपऱ्यात धानावर मारायच्या औषधाची अर्धी पुडी किंवा बाटली असते. 'किडेच मारायचे ना?' असे म्हणून तीच कोंबडीच्या पिसांत चोळली जाते. ही गोष्ट धोक्याची का, आणि तिची गरजही का नाही, हे समजण्यासाठी आधी या किड्याची दिनचर्या पाहू.

दिवसा फटीत, रात्री अंगावर

हा किडा म्हणजे लाल माइट. शास्त्रीय नाव डर्मॅनिसस गॅलिनी. लांबी एक मिलिमीटरहून कमी. त्याला कीटक म्हणणे मात्र चूक आहे. कीटकांना सहा पाय असतात, याला आठ. कोळी, विंचू आणि गोचीड हे त्याचे भाऊबंद. उपाशी असताना तो राखाडी दिसतो, रक्त प्याल्यावर लाल. अंडे, सहा पायांचे पिल्लू, त्यानंतरच्या दोन बाल्यावस्था आणि मग प्रौढ माइट हा सारा प्रवास उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत पुरा होतो. उलट रक्त मिळाले नाही, तर हाच प्राणी कित्येक महिने फटीत उपाशी तग धरतो. खुराडे दोन महिने रिकामे होते, म्हणून ते स्वच्छ झाले असे समजू नका.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. लाल माइट कोंबडीच्या अंगावर राहत नाही. रात्री अंधार पडला की तो फटीतून बाहेर येतो, तास-दीड तास रक्त पितो आणि परत फटीत जातो. तिथेच त्याची अंडी, तिथेच त्याची पिल्ले. चिरलेल्या बांबूच्या कामट्या, कुडाच्या भिंतीचे पोपडे, दांडीवरची सुटलेली साल, टोपलीची वीण ही त्याची घरे. आता सांगा, भर दुपारी कोंबडीला धरून तिच्या अंगाला औषध चोळले, तर ते लागणार कोणाला? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

त्याला पकडायची युक्ती सोपी आहे. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याची वीतभर पट्टी दांडीच्या खालच्या बाजूला बांधा. तीन-चार दिवसांनी सकाळी ती सोडून लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि भिंगातून पाहा. पन्हळींत माइट सापडले, तर शत्रूचा पत्ता मिळाला. पाय मोजायला विसरू नका. पिसांत दिवसाही पळताना दिसणारे, चपटे, पिवळसर आणि सहा पायांचे प्राणी म्हणजे कोंबडीच्या उवा. त्या अंगावरच राहतात, तेव्हा त्यांचा उपाय अंगावर करावा लागतो. माइटांमध्येही एक गट (ऑर्निथोनिसस) असा आहे, की तो बहुतेक वेळ अंगावर काढतो; शेपटीखालची पिसे काळी-मळकट दिसली, तर त्याचा संशय घ्यावा. आणखी एक माइट पायांच्या खवल्यांखाली बिळे करतो. खवले उचलले जातात, पाय चुना लावल्यासारखे जाड आणि खडबडीत होतात. त्याला विषाची गरजच नाही. पाय कोमट साबणाच्या पाण्याने मऊ करून व्हॅसलिन किंवा खोबरेल, जवसाचे, घरात असेल ते तेल लावावे. हवा कोंडून माइट मरतो. दर दोन-तीन दिवसांनी, काही आठवडे हे करायला हवे. खवले ओढून काढू नयेत. रॉकेल तर मुळीच नको, त्याने कातडी भाजते.

लाल माइटाचा बंदोबस्त मात्र खुराड्यात. दांड्या, टोपल्या, फळ्या बाहेर काढाव्यात, जुनी तणीस जाळावी, फटी खरवडून त्यांत उकळते पाणी ओतावे, भिंतीला चुना द्यावा. चुन्याने फटी बुजतात हाही एक फायदा. आठ दिवसांनी हेच पुन्हा करावे, कारण पहिल्या वेळी वाचलेली अंडी तोवर फुटलेली असतात आणि त्यातून आलेले माइट नवी अंडी घालण्याच्या बेतात असतात. युरोपातील काही देशांत कोंबड्यांची नवी तुकडी आणण्याआधी संपूर्ण शेड यंत्राने ४५ अंश सेल्सिअसच्या वर तापवतात. त्या उष्णतेत लाल माइट जगत नाही. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ च्या आसपास असतो, उन्हात टाकलेली बांबूची दांडी त्याहून कितीतरी तापते. परदेशात ज्याला इंधन जाळावे लागते, ते चंद्रपूरच्या उन्हाळ्यात फुकट मिळते! फक्त दांड्या दुपारभर उन्हात ठेवून उलटसुलट करायला हव्यात.

कोंबडी स्वतःही काही करत असते. कोरड्या मातीत लोळून ती अंगावर धूळ उडवते. बारीक धूळ किंवा चुलीची चाळलेली राख माइटाच्या आणि उवेच्या त्वचेवरील मेणाचा थर खरवडते, शोषून घेते. मग त्यांच्या अंगातले पाणी उडून जाते. पावसाळ्यात सगळीकडे चिखल झाल्यावर हे स्नान बंद पडते आणि त्याच दिवसांत उवा वाढतात. छपराखाली कोरडी माती आणि गार झालेली राख भरलेले एक घमेले ठेवले, तर एवढ्याने पुष्कळ काम होते.

हॉलंडची अंडी

आता त्या पुडीकडे वळू. फिप्रोनिल हे धानाच्या खोडकिडीवर वापरले जाणारे एक औषध आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्स आणि बेल्जियम या देशांत असे उघडकीस आले, की कोंबड्यांच्या शेडमधील लाल माइट मारण्याच्या द्रावणात कोणीतरी बेकायदा फिप्रोनिल मिसळले होते. ते फवारले शेडमध्ये, पण सापडले अंड्यांत! फिप्रोनिल चरबीत विरघळते. कोंबडीच्या शरीरात शिरले, की ते चरबीत साठते आणि तिथून अंड्याच्या पिवळ्या बलकात उतरत राहते. नेदरलँड्समध्ये दीडशेहून अधिक पोल्ट्री फार्म बंद ठेवावे लागले आणि लक्षावधी अंडी नष्ट करावी लागली. त्या देशांत प्रयोगशाळा आहेत, म्हणून हे कळले. आपल्या अंगणातले अंडे कोण तपासणार? ते तर बहुधा घरातल्या लहान मुलाच्या ताटात जाते.

पूर्वी या बाबतीत आपली पुस्तकेही निर्दोष नव्हती. कोंबडीपालनाच्या जुन्या पुस्तकांत उवांसाठी डी.डी.टी. किंवा बी.एच.सी. भुकटी चोळण्याचा सल्ला आढळतो. बी.एच.सी.वर भारतात १९९७ पासून बंदी आहे. शाळेच्या ग्रंथालयात असे पुस्तक असेल, तर त्या पानावर शिक्षकांनी एक चिठ्ठी डकवावी, हे बरे. शेतातली ही औषधे मज्जासंस्थेवर घाला घालतात आणि मज्जासंस्था किड्याला आहे, कोंबडीला आहे, तशी चोळणाऱ्यालाही आहे. २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विदर्भाला सांगायला नको.

पोटातले भाडेकरू

जंतांची गोष्ट वेगळी. ते कोंबडीच्या आतच राहतात, म्हणून औषध तिला पोटातूनच द्यावे लागते. मोठा गोल जंत (ॲस्कॅरिडिया गॅली) लहान आतड्यात राहतो. त्याची मादी ७ ते ११ सेंटीमीटर लांब असते. तिची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पण ताजे अंडे निरुपद्रवी असते. ऊब, ओल आणि सावली मिळून साधारण दहा दिवस ते तीन आठवडे गेले, की त्यात अळी तयार होते; मग ते टिपणाऱ्या कोंबडीला बाधा होते. पोटात गेलेली अळी अंडी घालणारा जंत होण्यास आणखी ५ ते ८ आठवडे घेते. यातून तुम्हीच हिशेब काढू शकता. खुराड्यातली विष्ठा दर आठवड्याला उचलून खतखड्ड्यात पुरली, तर तिथल्या अंड्यांना तयार व्हायला सवडच मिळत नाही. झडीच्या दिवसांत कोंबड्या तासन्‌तास एकाच ओल्या कोपऱ्यात कोंडलेल्या असतात, तेव्हा याची गरज सर्वांत जास्त. तीन महिन्यांच्या आतल्या पिलांना जंतांचा त्रास अधिक होतो.

जंत आहेत की नाहीत, हे शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येते. १०० मिलिलिटर पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळवा. सुपारीएवढी ताजी विष्ठा या पाण्यात कालवून चहाच्या जुन्या गाळणीने गाळा. परीक्षानळी काठोकाठ भरून तोंडावर काचेची झाकणपट्टी ठेवा. मिठाच्या संपृक्त द्रावणाची घनता सुमारे १.२, जंताचे अंडे त्याहून हलके, म्हणून वर येऊन पट्टीला चिकटते. वीस मिनिटांनी पट्टी काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहा. जाड कवचाचे, लांबट गोल अंडे दिसेल. हा जंत माणसाला होत नाही, पण विष्ठेत इतर रोगजंतू असतात. म्हणून हात साबणाने धुवा आणि ती गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

औषध सुरक्षित असते म्हणजे काय? ॲल्बेंडाझोल जंताच्या पेशींतील ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटते. जंताला साखर शोषता येत नाही, तो उपाशी मरतो. कोंबडीच्या ट्यूब्युलिनला ते तितके चिकटत नाही. मात्र 'तितके' या शब्दात सारे आले. मात्रा वाढवली, की हा फरक पुसला जातो. समजा, पशुवैद्याने किलोमागे १० मिलिग्रॅम सांगितले आणि कोंबडी तराजूवर दीड किलो भरली. लागणारे औषध १५ मिलिग्रॅम. बाटलीवर २.५ टक्के लिहिले असेल, तर १ मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम, म्हणजे द्यायचे फक्त ०.६ मिलिलिटर. ५ मिलिलिटरचा चमचा अंदाजाने ओतला, तर आठपटींहून जास्त औषध जाईल. जंतनाशक दिनी शाळेत तुम्ही चावून खाता ती गोळी ४०० मिलिग्रॅमची, सव्वीस कोंबड्यांना पुरेल एवढी. म्हणून बाटली हलवून, सुई काढलेल्या सिरिंजने, चोचीच्या बाजूने थेंबथेंब द्यावे. घाई केल्यास औषध श्वासनलिकेत जाते. 'अंडी किती दिवस खायची नाहीत?' हा प्रश्न दवाखान्यात आठवणीने विचारावा आणि त्या दिवसांतली अंडी वेगळी पडावीत म्हणून त्यांवर पेन्सिलीने तारीख घालावी.

औषध दिल्यावरचे दोन-तीन दिवस विष्ठा मुद्दाम रोज उचलावी. पिपरॅझिन हे दुसरे औषध जंताला मारत नाही, नुसते लुळे करते आणि आतडे त्याला जिवंतच बाहेर ढकलते. अशा मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. ती अंगणात सोडली, तर औषधाचे पैसे मातीत गेले.

विष्ठेत शिजलेल्या भाताच्या शितासारखे पांढरे, हलणारे तुकडे दिसले, तर मात्र तो गोल जंत नव्हे. ते पट्टकृमीचे भाग. त्यावर पिपरॅझिनचा उपयोग होत नाही, आणि नुसत्या झाडलोटीनेही तो हटत नाही. कारण त्याची अंडी आधी मुंग्या आणि भुंगेरे खातात आणि कोंबडी त्यांना टिपते. कोंबडीने मुंग्या खाऊ नयेत, अशी व्यवस्था अजून कोणालाच साधलेली नाही. असे शीत दिसले, तर ते बाटलीत घालून सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.