फाशांवरचा मोसम

सोलापूरच्या आमच्या शाळेत मागच्या बाकांवर जे क्रिकेट चालायचं त्याला बॅट लागत नसे, भूगोलाचं पुस्तक लागे. पुस्तक कुठेही उघडायचं आणि डाव्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक बघायचा. दोन, चार, सहा आले तर तेवढ्या धावा, आठ आला तर एक धाव, शून्य आलं की गडी बाद. मार्चनंतर दुपारी मैदानावर उभं राहणं शक्यच नसायचं, त्यामुळे आमचे बहुतेक कसोटी सामने असे पानापानांवर झाले. वाचकांपैकी अनेकांनी हा खेळ खेळला असेल.

पुढे आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा कधीतरी या खेळाचा हिशेब मांडून पाहिला. डावं पान नेहमी सम आकड्याचं, म्हणजे शेवटचा अंक पाचांपैकी एक. दर पाच चेंडूंत सरासरीने एक गडी जाणार आणि दोन, चार, सहा, एक मिळून १३ धावा होणार. म्हणजे दर गड्यामागे १३, अख्ख्या संघाच्या १३० आणि डाव साधारण ५० चेंडूंत खलास. वहीत नाव गावसकरचं लिहा नाहीतर चंद्रशेखरचं, सरासरी तेराच. (पुस्तकाची बांधणी जुनी असली तर ते एकाच पानावर उघडतं, आणि ज्याला हे ठाऊक तो जिंकतो, पण तो वेगळा विषय.) थोडक्यात, आमच्या खेळात दैव होतं, माणूस नव्हता.

माणूस कसा आणायचा, हे अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेल्या एका खोक्यामुळे कळलं. खेळाचं नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमन नावाच्या तरुणाने तो १९६१ मध्ये बाजारात आणला. विषय बेसबॉल, साधनं म्हणजे तीन फासे आणि प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड. कार्डावर तीन रकाने असतात. पहिल्या फाशावर एक, दोन किंवा तीन पडले तर बॅटरचं कार्ड बघायचं, चार ते सहा पडले तर पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज रकान्यातली ओळ दाखवते, आणि त्या ओळीवर काय घडलं ते छापलेलं असतं. दोन फाशांवर सात पडण्याच्या ३६ पैकी ६ शक्यता, दोन पडण्याची फक्त १. म्हणून नेहमी घडणाऱ्या गोष्टी सातच्या आसपास आणि दुर्मीळ गोष्टी कडेला.

खरी गंमत कार्ड तयार करण्यात आहे. समजा, त्या वर्षी सगळ्या बॅटरांचे मिळून शंभरात २५ फटके यशस्वी होते आणि आपल्या माणसाचे ३१. मग त्याच्या कार्डावर ३१ टक्के लिहायचे का? नाही. कारण निम्मे फासे पिचरच्या कार्डावर जाणार आणि तिथे सरासरीने पंचवीसच मिळणार. एकूण ३१ यायचे तर याच्या कार्डावर ३७ हवेत. तीन रकान्यांत मिळून १०८ शक्यता, त्यातल्या ४० यशस्वी फटक्यांना द्यायच्या. एका माणसाचं कौशल्य त्याच्या समोरच्या माणसापासून असं सोडवून घ्यावं लागतं. हे मला फार आवडलं आणि मी एक अख्खा मोसम स्वतः बांधायला घेतला.

मोसम निवडला १८८४ चा. आमच्याकडची जुनी मिल सुरू होऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. अमेरिकेत मात्र धंदेवाईक बेसबॉलची नॅशनल लीग १८७६ पासून चालू होती आणि प्रत्येक सामन्याचा तक्ता वर्तमानपत्रांत छापून येत होता. त्या तक्त्यांमुळेच आज तो मोसम पुन्हा खेळता येतो. तेव्हाचा खेळ आजच्यासारखा नव्हता. पिचर पन्नास फुटांवरून चेंडू फेकायचा. आज ते अंतर साठ फुटांवर आहे. क्षेत्ररक्षक बहुतेक उघड्या हातांनी झेल घेत. त्यामुळे चुका इतक्या, की आजच्या तक्त्यावरून बनवलेली क्षेत्ररक्षणाची कार्डं तिथे अजिबात चालत नाहीत.

पहिल्या फेरीत मी सपशेल फसलो. प्रॉव्हिडन्सच्या संघात चार्ल्स रॅडबोर्न नावाचा पिचर होता. खेळाच्या नियमाप्रमाणे मी त्याला सामन्यांमध्ये विश्रांती देत गेलो आणि प्रॉव्हिडन्स मागे पडलं. प्रत्यक्षात काय झालं होतं? जुलैत संघाचा दुसरा पिचर स्वीनी निघून गेला आणि त्यानंतर रॅडबोर्नने जवळजवळ रोज चेंडू फेकले. त्या मोसमात त्याने ७३ सामने सुरू केले आणि सगळेच्या सगळे स्वतः पूर्ण केले. विजय ५९, जुन्या पुस्तकांत ६०. प्रॉव्हिडन्स पहिलं आलं. दमण्याचा आजचा नियम त्या माणसाला लावून मी त्याचा मोसमच पुसला होता.

दुसरा धडा शिकागोच्या नेड विल्यमसनचा. त्याने त्या वर्षी २७ होमरन मारले. हा विक्रम मोडायला १९१९ चा बेब रूथ यावा लागला. पण त्यातले २५ घरच्या मैदानावरचे. त्या मैदानाचं उजवीकडचं कुंपण दोनशे फुटांच्याही आत होतं. आदल्या वर्षापर्यंत त्यावरून गेलेला चेंडू म्हणजे दोन बेस; १८८४ मध्ये तोच होमरन धरायचं ठरलं. मनगटं तीच, कुंपणही तेच, नियम बदलला. म्हणून कार्ड विल्यमसनचं न करता मैदानाचं करावं लागलं.

इथवर मी खुशीत होतो. जिथे आकडा खोटं बोलतो तिथे कारण शोधायचं आणि एक जादा फासा टाकायचा. मग टोलीडोच्या संघाची कार्डं हाती घेतली आणि मोझेस फ्लीटवुड वॉकरपाशी अडलो.

वॉकर कृष्णवर्णीय होता. १८८४ मध्ये तो अमेरिकन असोसिएशनच्या टोलीडो संघाचा कॅचर होता, म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाच्या जागी. ४२ सामने खेळला. कॅचर खुणेने सांगतो की आता अमुक चेंडू टाक, आणि पिचर तो टाकतो. टोलीडोचा पिचर टोनी मलेन याने पुष्कळ वर्षांनी सांगितलं, की आपण पाहिलेल्यांत वॉकर सर्वांत उत्तम कॅचर होता, पण काळ्या माणसाचा हुकूम नको म्हणून आपण त्याच्या खुणेकडे न बघता मनात येईल तो चेंडू टाकत असू. कोणता चेंडू येतोय हे ठाऊक नसताना वॉकर उघड्या हातांनी तो अडवत होता. आणि जो सुटला तो तक्त्यात कोणाच्या नावावर? कॅचरच्या. मी त्या आकड्यावरून वॉकरचं कार्ड केलं तर मलेनचा द्वेष वॉकरचा दोष म्हणून छापून मोकळा होणार. दुरुस्ती करायची तर किती? मलेनने किती खुणा मोडल्या याची नोंद कोणी ठेवली होती? १८८७ च्या जुलैत इंटरनॅशनल लीगने कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं. मोठ्या लीगमध्ये त्यांना दार उघडलं ते १९४७ साली, जॅकी रॉबिन्सनसाठी. मधल्या साठ वर्षांतल्या त्या लीगच्या कार्डांच्या गठ्ठ्यात ही माणसं नाहीतच.

हे वाचताना मन पुण्याला न जातं तरच नवल. म्हणून मी दुसरा गठ्ठा बांधायला घेतला, आपल्याकडचा.

एकोणिसाव्या शतकातलं मुंबई इलाख्यातलं क्रिकेट आकड्यांत सापडतं ते मुख्यतः युरोपीय आणि पारशी यांचं. ३० आणि ३१ जानेवारी १८९० ला मुंबईत पारशांनी व्हर्ननच्या इंग्लिश संघाला ४ गडी राखून हरवलं, डॉ. मेहेल्लाशा पावरी यांनी दुसऱ्या डावात ३४ धावांत ७ बळी घेतले. पावरींचं कार्ड करणं सोपं, कारण १८८८ च्या इंग्लंड दौऱ्यातले त्यांचे १७० बळी हाताशी आहेत. १८९२ पासून युरोपीय-पारशी सामने दरवर्षी होऊ लागले. वर्षाला एकदोन सामने म्हणजे आकडे फार थोडे. एखाद्याचे चारच डाव. अशा वेळी त्याचे आकडे सगळ्यांच्या सरासरीत थोडे मिसळावे लागतात, नाहीतर एका शतकावर माणूस ब्रॅडमन होतो. ही सगळी कसरत जमली. मोसम १८९५ चा ठरवला.

त्या वर्षी पळवणकर बाळू एकोणीस वर्षांचे होते आणि पुण्यात होते.

बाळू चर्मकार समाजातले. पुण्यातल्या युरोपीयांच्या क्लबात खेळपट्टी तयार करणं, जाळं लावणं अशी त्यांची नोकरी. पगार महिना चार रुपये. तिथले कॅप्टन ग्रेग सकाळी लवकर येत आणि बाळूंना तासन्‌तास गोलंदाजी करायला लावत. बाद केलंस तर आठ आणे, असा ग्रेग यांचा सौदा होता अशी आख्यायिका आहे. बॅट मात्र त्या जाळ्यात बाळूंच्या हाती कोणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं, कारण युरोपीयांना हरवायचं होतं. पण चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून. हिंदूंनी युरोपीयांना मुंबईत १०९ धावांनी हरवलं ते १९०६ मध्ये. बाळू तेव्हा तिशीत आले होते. त्यांचे प्रथम दर्जाचे आकडे सुरू होतात ते तिथून: ३३ सामने, १७९ बळी, सरासरी पंधराच्या जरा वर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सगळे सामने धरून ११४ बळी. कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळालं.

तिशीनंतरच्या आकड्यांवरून एकोणिसाव्या वर्षाचं कार्ड करता येतं. वयाचा हिशेब मांडायच्या रीती आहेत, मी त्या वर्गात शिकवल्या आहेत. एका रात्री ते कार्ड केलंसुद्धा. पण ते ठेवायचं कोणत्या गठ्ठ्यात? १८९५ च्या त्या सामन्यांत हिंदू संघच नाही. बाळूंना तिथे खेळवलं तर माझा मोसम म्हणणार की दार उघडं होतं. नाही खेळवलं तर क्लबाने केलं तेच मी माझ्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा करणार. फलंदाजीचा रकाना तर कोणत्याच रीतीने भरता येईना. गोलंदाज म्हणून इंग्लंड गाजवणाऱ्या माणसाला विशीत जाळ्यात बॅट मिळाली असती तर तो काय झाला असता, याचा फासा नसतो.

घरात यावरून वाद झाला. मुलगी म्हणाली, खेळवा हो बाबा, तुमच्या टेबलावर तरी. तिचं म्हणणं मला अजूनही चुकीचं वाटत नाही. पण मी ते केलं नाही.

केलं ते इतकंच. ग्रेग पुढे इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून खेळले आणि त्यांनी धावांच्या राशी रचल्या. त्यांचं कार्ड माझ्या गठ्ठ्यातल्या भारी कार्डांपैकी एक आहे. डावखुऱ्या फिरकीसमोर त्यांना मी दोन जागा जास्त दिल्या आहेत. पुण्यातल्या त्या सकाळचे चेंडू कुठल्याच स्कोअरबुकात नाहीत, पण ते ग्रेग यांच्या बॅटमध्ये नक्की उतरले असणार. त्या दोन जागांसमोर मी पेन्सिलीने ‘बाळू’ असं लिहिलं आहे. खेळताना तिथे फासा पडला, की धाव ग्रेग यांच्या नावावर लिहायची आणि वहीच्या समासात बाळूंच्या नावापुढे एक रेघ ओढायची, असा नियम केलाय. यंदाच्या गड्ड्याच्या यात्रेत नवे फासे घेतले. मोसम अजून चालू आहे.