दुधावांचून कांद्याचें सार आणि तोंडीलावणें

गेल्या वर्षीं वैशाखाच्या अखेरीस आमची नात परदेशांतून सुटीसाठीं आमच्याकडे राळेगणसिद्धीस आली. मुलगी सतरा वर्षांची. मराठी बोलतांना मध्येंच अडखळते, परंतु बोलते. तिच्यासाठीं तिच्या आजीनें आठ दिवस आधींपासून लोणी सांठवून तूप कढविलें होतें व श्रीखंडासाठीं चक्का टांगून ठेविला होता. पानें मांडलीं. पहिल्या भातावर तुपाची धार धरावयाची, तोंच मुलीनें पानावर हात आडवा धरला.

"आजी, मी तूप घेत नाहीं. दूध, दहीं, ताक, लोणी, कांहींच घेत नाहीं."

आमचें कुटुंब कांहीं बोललें नाहीं. फक्त तपेली फडताळांत ठेवतांना तिचा आवाज नेहमींपेक्षां जरा मोठा झाला. पुढचे दोन दिवस आजी स्वयंपाकघरांत गप्प, नात भाकरीबरोबर कोरडी चटणी खात गप्प, आणि मी दोघींच्या मध्यें वर्तमानपत्र धरून बसलेला.

अशा आहारास इंग्रजींत व्हीगन म्हणतात. हा शब्द १९४४ सालीं इंग्लंडांत डोनाल्ड वॉटसन व त्याच्या सोबत्यांनीं रूढ केला. आपल्या भाषेंत त्यास सुटसुटीत नांव नाहीं, कारण आपल्याकडे मांस वर्ज्य करणाराहि गाईचें दूध पवित्र मानतो. मला स्वतःला मुलीचें म्हणणें सर्वस्वीं पटलें असें नाहीं. पण घरांतील एक माणूस पंक्तींत असून उपाशी, हें मात्र मला पाहवेना.

तिसऱ्या दिवशीं तिनें आपल्या पेटींतून एक पुडकें काढलें. "हें उकळत्या पाण्यांत घातलें कीं कांद्याचें सूप होतें, आणि आंबट मलईंत घातलें कीं डिप होतें. आई आतां मलईऐवजीं काजूची पेस्ट घेते." मीं चष्मा लावून पुडक्यावरील बारीक अक्षरें वाचलीं: वाळविलेला कांदा, मीठ, साखर, मक्याचें पीठ, रंग. त्या वेळीं आमच्या मागल्या खोलींत दोन गोणी कांदा पसरलेला होता! कांद्याच्या गांवीं समुद्रापलीकडून कांद्याची पूड यावी, याची मला लाज वाटली, आणि तेव्हांच मीं ठरविलें कीं हे दोन्ही पदार्थ घरच्या कांद्यापासून, दुधाचा थेंब न घालतां, करून पाहावयाचे.

डिप म्हणजे ज्यांत कांहीं बुडवून खावयाचें तें. अमेरिकेंत कांद्याच्या सुक्या सुपाची पूड मलईंत कालवून खाण्याची चाल १९५० नंतरच्या दशकांत फैलावली. आपल्याकडे अन्नाचे भक्ष्य, भोज्य, लेह्य, चोष्य असे भेद केलेले आहेत. त्यांतील लेह्यांत हें बसेल. व्यवहारांत आपण त्यास तोंडीलावणें म्हणूं. सुपाविषयीं तर गंमत आहे. संस्कृतांत "सूप" म्हणजे डाळीचें कालवण, आणि इंग्रजींतहि सूप हा शब्द आहेच. दोघांचा उच्चार एक. धान्य पाखडावयाचें आपलें सूप तिसरेंच, तें "शूर्प" यापासून आलें. वर्गांत हें सांगितलें म्हणजे मुलें हमखास हंसत. प्रस्तुत लेखांत मी "सार" हाच शब्द वापरतों.

आतां कांद्याविषयीं. मनूनें पांचव्या अध्यायांत लशुन, गृञ्जन व कवक यांच्या बरोबरीनें पलाण्डु द्विजांस अभक्ष्य ठरविला आहे. उलट चरकानें त्यास वातनाशक, बल्य, जड परंतु रुचकर म्हटलें आहे. धर्मशास्त्र आणि वैद्यक यांच्या या वादांत आमच्या घरानें नेहमींच मधला मार्ग धरला. माझ्या लहानपणीं कांद्याची टोपली पडवींत असे, त्याचें पातेलें निराळें असे, आणि सोंवळ्यांतील चुलीवर तें कधींच चढत नसे. आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, भज्यांपासून थालिपिठापर्यंत कांदा मनसोक्त खावयाचा; मग चातुर्मासांत त्याचें नांव नाहीं; तो पुन्हां भेटावयाचा चंपाषष्ठीस, खंडोबाच्या नैवेद्याच्या भरीत-रोडग्याबरोबर. आमचें कुटुंब हा नेम अजूनहि पाळतें.

राळेगणांत कांदा मुबलक आहे, पण तो पूर्वींपासून मुबलक नव्हता. हा पारनेर तालुक्याचा भाग पर्जन्यछायेंतला. वर्षाकांठीं चारपांचशें मिलिमीटर पाऊस, तोहि लहरी. १९७५ सालीं अण्णा हजारे सैन्यांतून परत आले, त्यांनीं प्रथम यादवबाबांचें देऊळ नीट केलें, आणि त्यानंतर गांवानें श्रमदानानें नाले अडविले, पाझर तलाव सुधारले, डोंगरउतारावर चर खणले. विहिरींना पाणी आलें. हें पाणी फार पिणाऱ्या उंसाला द्यावयाचें नाहीं असें गांवानें ठरविलें, आणि कडधान्य, भाजीपाला व कांदा पुढें आला. चराईबंदीमुळें गुरें दावणीला आलीं व दुधाचा धंदाहि वाढला. दुधानें ऊर्जितावस्थेस आलेल्या गांवीं आमची नात दूध नको म्हणत होती, हें आमच्या कुटुंबास अधिक लागलें असावें!

कांदा कोणता घ्यावा? पावसाळ्यांत लावून दिवाळीच्या आगेमागें निघणारा लाल कांदा पाणीदार असतो व टिकत नाहीं. चैत्राच्या सुमारास निघणारा उन्हाळ कांदा चाळींत दिवाळीपर्यंत राहतो. आपल्या कामास तोच. मोठा, एकसारखा कांदा बाजारांत जातो. लहान राहिलेली गोल्टी आणि जोड कांदा यांस भाव नाहीं. डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत निर्यात बंद होती, तेव्हां चांगल्या मालालाहि कोणी विचारीत नव्हतें, मग गोल्टीची काय कथा! आमच्या शेजारच्या शेतकऱ्यानें मला गोल्टीचें एक घमेलें भरून दिलें आणि पैसे घेण्यास नकार दिला. "गुरुजी, ही नाहींतर उकिरड्यावरच जायची," एवढेंच तो म्हणाला. सारास गोल्टी उत्तम. सोलण्याचा त्रास मात्र फार.

चिरतांना डोळ्यांना पाणी येतें, तें कांद्याच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्यें एकमेकांत मिसळल्यामुळें. त्यासाठीं कांद्यांत एक स्वतंत्र पाचक द्रव्य असतें, असें २००२ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं दाखविलें. उपाय जुनाच: विळीला धार चांगली लावावी, म्हणजे पेशी चिरडत नाहींत, आणि मुळाकडचा भाग शेवटीं कापावा.

दीड किलो कांदा उभा, पातळ चिरावा. जाड बुडाच्या पातेल्यांत पांच मोठे चमचे करडईचें तेल तापवून त्यांत कांदा व एक लहान चमचा मीठ घालावें आणि दहा मिनिटें झांकण ठेवावें. कांद्यांत शेंकड्यास पंचाऐंशीहून अधिक भाग पाणी असतें. मिठानें तें सुटतें व कांदा स्वतःच्याच पाण्यांत शिजतो. मग झांकण काढून आंच मंद करावी आणि दर तीनचार मिनिटांनीं हलवीत राहावें. कांदा प्रथम पारदर्शक होतो, मग पिंवळसर, आणि पाऊण तासानंतर गुळासारखा तांबूस. तिखटपणा उडून जातो, पाणी आटतें, आणि कांद्यांतील मूळची साखर पुढें येऊन हळूहळू करपूं लागते. तें करपणें सोनेरी रंगावर थांबविणें हीच यांतील सारी विद्या. बुडाला लागूं लागलें कीं दोन चमचे पाणी शिंपडून खरवडून घ्यावें. त्या खरवडींतच चव आहे. दीड किलोचा शेवटीं दोन वाट्या ऐवज राहतो.

पहिल्या दिवशीं मीं घाई केली. आंच मोठी ठेविली, वीस मिनिटांत कांद्याच्या कडा काळ्या झाल्या आणि सार कडू झालें. मुलगी भली, मुकाट्यानें प्यायली. तिच्या आजीनें दारांतूनच वास घेतला व म्हणाली, "करपलें." त्या दोन दिवसांतला तिचा स्वयंपाकासंबंधीं हा पहिला उद्गार होता, म्हणून मला तो आशादायक वाटला.

हें सार मूळचें फ्रान्सांतलें. पॅरिसच्या मध्यभागीं मोठी मंडई होती, ती १९६९ सालीं शहराबाहेर हलविण्यांत आली. तेथें रात्रभर ओझीं वाहणारे लोक पहांटे गरमगरम कांद्याचें सार पीत. ते लोक त्यांत मांसाचा काढा घालतात व वर पाव आणि चीज ठेवून भाजतात. पहिलें आम्हां सर्वांस वर्ज्य, दुसरें नातीस. काढ्याच्या जागीं काय घालावें यावर मी विचार करीत बसलों असतां आतून आवाज आला, "कट घाला." आमचें कुटुंब! पुरणाच्या दिवशीं आमटीसाठीं जो कट काढतात तोच. एक वाटी हरभऱ्याची डाळ आठ वाट्या पाण्यांत मऊ शिजवून वरचें दाट पाणी काढून घ्यावें. तें सहा वाट्या भरतें, आणि खालची डाळ वाटून भाजीला उपयोगीं पडते. वैद्यकांत डाळीच्या अशा पाण्यास यूष म्हणतात. नुसता तो अकृत, आणि तेलमीठमिरें घातलेला तो कृत. आमचा कृतयूष म्हणावयाचा.

दीड वाटी तांबूस कांद्यावर एक मोठा चमचा ज्वारीचें पीठ टाकून दोन मिनिटें परतावें. मग गरम कट, एक तमालपत्र, सहा मिरें, चवीपुरतें मीठ व दोन आमसुलें घालून वीस मिनिटें मंद उकळूं द्यावें. दाटपणा हवा असल्यास तमालपत्र व आमसुलें काढून चौथा हिस्सा वाटून पुन्हां त्यांतच सोडावा. मलईची उणीव भासत नाहीं. पावाऐवजीं शिळ्या बाजरीच्या भाकरीचे तुकडे तव्यावर कडक करून वाटींत टाकावे.

राहिलेली अर्धी वाटी कांदा तोंडीलावण्यासाठीं. त्यास शिवाय वाळविलेला कांदाहि हवा, कारण परतलेल्या कांद्यास गोडी असते पण तो झणका नसतो. वैशाखाचें ऊन त्यासाठीं देवानेंच नेमून दिलेलें. कांदा पातळ चिरून धोतरावर पसरावा, रात्रीं आंत घ्यावा. तीनचार दिवसांत तो कुरकुरीत होतो. दहा किलोचा जेमतेम सव्वा किलो भरतो. मग तव्यावर किंचित् शेकून जाडसर कुटावा. भाव पडलेल्या कांद्याचें याहून चांगलें काय करतां येईल, मला सुचत नाहीं. गुजराथेंत महुव्यास आणि आपल्याकडे जळगांवास यंत्रानें कांदा वाळविण्याचे कारखाने चालतात ते यामुळेंच.

मलईच्या जागीं काय, हा खरा प्रश्न होता. काजू या मुलुखांतला नव्हे, शिवाय महाग. सोलापुराकडे व मराठवाड्यांत करडई भिजवून, वाटून, गाळून तिचें दूध काढतात व त्यांत गव्हाची खीर करतात. तें मीं करून पाहिलें. दूध सुरेख निघालें, पण तोंडीलावण्यास फार पातळ. कच्चे शेंगदाणे वाटले तर हिरवट वास येतो. शेवटीं असें जमलें: एक वाटी शेंगदाणे रात्रीं भिजत घालावे, सकाळीं सालें चोळून काढावीं, पंधरा मिनिटें उकडून पाणी टाकून द्यावें. दोन चमचे भाजलेले पांढरे तीळ, एका लिंबाचा रस, मीठ व अर्धी वाटी पाणी घालून हें अगदीं गंधासारखें वाटावें. आम्हीं पाटावरवंटा काढला होता, पण मिक्सरनेंहि होतें. दोनदां थांबून कडा खरवडाव्या इतकेंच. त्यांत परतलेला कांदा बारीक चिरून आणि तीन चमचे वाळलेला कांदा मिसळून दोन तास ठेवावें. लगेच खाऊं नये. वाळलेला कांदा भिजून फुलला म्हणजेच चव उतरते. काकडी, गाजर, मुळा, भाकरीचे तुकडे, तळलेली कुरडई यांबरोबर खावें. उन्हाळ्यांत तें त्याच दिवशीं संपवावें. शीतकपाटांत तीन दिवस राहतें.

त्या रात्रीं वाटी मध्यें ठेवून आम्ही तिघें बसलों. आजीनें काकडीची एक फोड बुडविली, चाखली, आणि लिंबू कमी आहे म्हणाली. मग नातीला विचारलें, "तुझें हें असें किती दिवस चालायचें?"

"आजी, तूं चातुर्मासांत कांदा खात नाहींस, कोणी कितीहि आग्रह केला तरी. माझा नेम दुधाचा आहे, आणि बारमाही आहे."

आजी थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिली. "बारमाही नेम कठीण," एवढेंच ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून पहिल्या भातावर तुपाच्या जागीं तिळाचें तेल येऊं लागलें. चक्क्याचें श्रीखंड मीं एकट्यानें संपविलें.

मुलगी कांदेनवमीपर्यंत राहिली. त्या दिवशीं सार, तोंडीलावणें आणि भजीं असा बेत झाला. सारांत कट घालण्याचा मान अर्थातच आजीचा. वाळलेल्या कांद्याची बरणी तिनें तिहेरी फडक्यांत बांधून नातीच्या पेटींत कपड्यांच्या मध्यें ठेविली. सगळ्या कपड्यांस वास लागेल असें मीं म्हटलें. तें कोणी ऐकलें नाहीं. दशमीला सकाळीं पडवींतील उरलेली टोपली शेजाऱ्याकडे पोंचविली, आणि पातेलें घासून माळ्यावर गेलें.