खेळातली आगगाडी का अडली?

‘ट्रेन सिम्युलेटर’ हा संगणकावर आगगाडी चालवण्याचा खेळ. २०१८ साली ब्रिटनच्या डव्हटेल गेम्सने त्याची ६४ बिटांची आवृत्ती आणली. ३२ बिटांच्या आवृत्तीला स्मृतीतल्या फार तर २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ जागांना पत्ते देता येतात. मार्ग लांब, डबे पुष्कळ झाले, की जागा संपे आणि खेळ मध्येच बंद पडे. नव्या आवृत्तीत ही मर्यादा उरली नाही.

मग सुधारणेनंतरही गाडी का अडते? ३२ बिटांसाठी यंत्रभाषेत तयार केलेली जोडणी ६४ बिटांच्या खेळात चालत नाही. कधी आधीची साठवलेली माहितीच पुन्हा वापरली जाते.

दोष कसा शोधाल? आधी ही साठवण पुसा. नंतर सर्व जोडण्या बाजूला काढून नुसता खेळ चालवा. चालला, तर निम्म्या जोडण्या परत ठेवा. आता अडला, तर दोष या निम्म्यांत, नाहीतर उरलेल्यांत. पुन्हा निम्म्या करा. ६४ जोडण्यांत एकच सदोष असेल, तर ती सहा फेऱ्यांत सापडते!

सारे एकदम बदलले, तर खेळ कदाचित सुरू होईल. पण कारण कळणार नाही. प्रयोगशाळेतल्या न पेटणाऱ्या बल्बलाही हाच नियम लावून पाहा.