टीव्हीमागची डबी धापा का टाकत नाही?

डोंबिवलीतल्या वन रूम किचनमध्ये कॉम्प्युटरचा टॉवर ठेवायला जागा कुठली! म्हणून टीव्हीच्या पाठीला स्क्रूने अडकवलेली तळहाताएवढी डबी येते: मिनी पीसी. एचडीएमआय केबल लावली की फोर-के सिनेमा सुरू, तोही जवळपास आवाजाविना. दहा-बारा वर्षांपूर्वीचा टॉवर मात्र त्याच सिनेमाला घरघरतो, अडखळतो.

फोर-के सोडा, फुल एचडीच्याही एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात आणि सिनेमात सेकंदाला २४ चित्रं. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर सेकंदाला सुमारे १५ कोटी बाइट! साध्या ब्रॉडबँडवरून एवढा माल येणं अशक्य. म्हणून बहुतेक चित्रांच्या जागी फक्त बदलांची नोंद पाठवतात. निवेदिकेचे ओठ हलतात, मागची भिंत तशीच. मग भिंत पुन्हा कशाला धाडायची?

त्या नोंदींतून चित्र उभं करताना प्रोसेसरला घाम फुटतो. नव्या चिपमध्ये याच कामाचं वेगळं सर्किट असतं. ते म्हणजे चकलीचा सोऱ्या: पोळी लाटणार नाही, पण चकल्या भराभर पाडणार. इंटेलच्या एन१०० या चिपचं उष्णतेचं रेटिंग (टीडीपी) तर अवघं ६ वॉट आहे; मग डबी धापा टाकेल कशाला?

गोम एकच. सोऱ्याला ठरावीक साचेच बसतात. व्हिडिओ एव्ही१ या नोंदपद्धतीचा असेल आणि चिपला ती येत नसेल, तर सगळा भार पुन्हा प्रोसेसरवर. लॅमिंग्टन रोडला खरेदीला जाणाऱ्याने रॅमच्या आधी चिपला एव्ही१ येतं का, हे विचारावं.