सड्यावरची माणसे आणि मंचावरची शाल

कोकणातली कातळशिल्पे, म्हणजे जांभ्याच्या कातळावर कोरलेली चित्रे, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत आठ ठिकाणे महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातले, हे तुम्ही वाचलेच असेल. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई ही नावेही आता परिचयाची आहेत. नोकरी-व्यवसाय सांभाळून त्यांनी या चित्रांच्या शोधात रत्नागिरी-राजापूरचे सडे, म्हणजे कातळाची पठारे, पालथी घातली. त्यांच्यासारख्या हौशी शोधकांना वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांचे आता अधूनमधून सत्कार होतात. अशा समारंभांत माझी जागा पडद्यामागे, हार आणि नारळांजवळ असते.

एका गावात कातळशिल्प दाखवणाऱ्या एका वृद्ध गुराख्याचा सत्कार होता. पाहुण्यांनी भाषणात त्यांना ‘शोधकर्ते’ म्हटले. आजोबांनी शाल सावरली, माईक जवळ ओढला आणि शांतपणे सांगितले की शोधले वगैरे काही नाही, त्यांच्या आजोबांनाही ते चित्र ठाऊक होते. खाली उतरल्यावर मी पाणी दिले, तर म्हणाले, “पलीकडच्या सड्यावर दुसरं आहे, त्याचं काय करायचं?” आधी का नाही सांगितले? “तुम्ही पहिल्याचंच विचारलंत.”

रुसवेफुगवेही होतात. एकदा सन्मानपत्रावर कोणाचे नाव वर असावे यावरून दोन तरुणांत बिनसले. एकाने चित्र आधी पाहिले होते, तर दुसऱ्याने माती झाडून त्याची रेघ न रेघ मोकळी केली होती. समारंभाला तासभर उरला तरी पत्र छापायचे थांबले होते. शेवटी ज्याच्या जमिनीवर चित्र होते तो शेतकरीच म्हणाला, “माझं नाव घालूच नका, म्हणजे जागा होईल.” दोघेही वरमले. पत्रावर पहिले नाव त्या शेतकऱ्याचे लागले, आणि ते तिथेच शोभत होते. कातळशिल्पांचे बहुतेक सडे असे खासगी मालकीचे आहेत. जांभ्याच्या चिऱ्याला भाव आहे, आणि चिरेखाण सुरू झाली की हजारो वर्षांची रेघ एका दिवसात जाते. पैसे समोर दिसत असताना ‘इथे खाण नको’ म्हणणाऱ्या मालकाचे योगदान मी कोणत्याही शोधाइतकेच मोठे मानतो.

थोडक्यात वाचलेले एक चित्र तर मी स्वतः पाहिले आहे. छायाचित्र उठून दिसावे म्हणून उत्साही मुलांनी ऑइलपेंटचा डबा आणला होता. झाकण उघडायला स्क्रूड्रायव्हर सापडेना, म्हणून एक जण जवळच्या घरी मागायला गेला. त्या घरातल्या आजी त्याच्यासोबत बाहेर आल्या त्या हातात केरसुणी घेऊन. “रंग कशाला? झाडा, आणि ऊन कलायची वाट बघा.” संध्याकाळचे तिरपे ऊन पडले आणि खोबणीत सावली भरून आख्खा प्राणी उमटला. त्या आजींना आजवर कोणी मंचावर बोलावलेले नाही.

स्थानिकांची जाण अशीच कामी येते. कातळशिल्प असलेल्या देवाचे गोठणे या गावी नवखा स्वयंसेवक हमखास आपल्या होकायंत्रावर चिडतो. सुई भलतीकडेच वळते. तो यंत्र बदलतो, दुसऱ्याचेही तसेच! मग एखादा गावकरी सांगतो की गुण त्या कातळाचा आहे, तिथे चुंबकीय विचलन आहे.

अशा माणसांचा सन्मान कसा असावा हे पाहायचे तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जावे. रामलिंगप्पा लामतुरे हे गावातले व्यापारी. गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, सापडणारी नाणी, मणी, मृण्मूर्ती ते जमवत राहिले, हजारोंनी. प्राचीन भूगोलकार टॉलेमीच्या काळात तगर म्हणून ठाऊक असलेले हे नगर त्यांच्या संग्रहातून आपल्यासमोर उभे राहते. पुढे तो संग्रह शासनाकडे गेला. आज तिथल्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला लामतुरे यांचेच नाव आहे. शाल विरते, नारळ फुटतो. पाटीवरचे नाव मात्र येणारा प्रत्येक जण वाचतो.

म्हणून आयोजकांना विनंती आहे. कातळशिल्पाशेजारी फलक लावाल तेव्हा, ते दाखवणाऱ्याचे आणि जमीन राखणाऱ्याचे नाव त्यांना विचारून त्यावर घाला. आणि सत्कार पावसाळ्यात ठेवा. दिवाळीनंतर गवत वाळले की ही माणसे सड्यावर हवी असतात.