हिरडीखालील दातांची जोपासना

दात हिरडीबाहेर दिसू लागला म्हणजे तो तयार होऊ लागला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. दुधाच्या दातांत खनिजे साठण्यास मूल गर्भात सुमारे चार महिन्यांचे असतानाच आरंभ होतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेची घडण जन्माच्या वेळीच सुरू होते. अक्कलदाढा वगळल्यास बाकीच्या कायमच्या दातांचे माथे सुमारे आठव्या वर्षापर्यंत हिरडीखाली बनून तयार होतात.

दाताच्या बाहेरील कठीण कवचात वजनाने शेकडा सुमारे ९६ भाग खनिजे असतात. त्यांत कॅल्शियम व फॉस्फरस ही मुख्य होत. अन्नातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात पुरेसे शोषले जाण्यास 'ड' जीवनसत्त्व लागते. ते अपुरे पडले म्हणजे आहारात कॅल्शियम असूनही त्याचा पुरता उपयोग होत नाही. हाडे मऊ पडून मुडदूस होतो. दात उशिरा येतात, त्यांचे कवच पातळ राहते किंवा त्यावर खळगे पडतात.

इंग्लंडमध्ये मे मेलनबी यांनी १९१८ साली कुत्र्याच्या पिलांवरील प्रयोगांनी आहार व दातांची घडण यांचा हा संबंध दाखविला. विशिष्ट स्निग्ध पदार्थ न मिळालेल्या पिलांचे दात सदोष निपजले. कॉड माशाच्या यकृताचे तेल मिळालेल्यांचे चांगले झाले. त्यातील गुणकारी घटकास पुढे १९२२ साली 'ड' जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

मोडलेले हाड सांधते. दाताचे कवच मात्र एकदा तयार झाल्यावर शरीर ते पुन्हा घडवीत नाही. म्हणून काळजी घ्यावयाची ती गरोदरपणापासूनच.

'ड' जीवनसत्त्व मुख्यतः उन्हामुळे त्वचेत तयार होते. आपल्याकडे ऊन मुबलक असले, तरी अंधाऱ्या खोलीत राहणाऱ्या गरोदर स्त्रीस व बाळंतिणीस त्याचा लाभ होत नाही. त्यांनी रोज काही वेळ उघड्यावर बसावे. मुलांस अंगणात खेळू द्यावे. तान्ह्या मुलास मात्र कडक उन्हात ठेवू नये. त्यास 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावेत. अंड्याचा बलक, तारली व बांगडा यांतूनही हे जीवनसत्त्व मिळते. कॅल्शियमसाठी दूध, दही, तीळ, शेवग्याचा पाला व नाचणी उपयुक्त आहेत. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते.

ग्रामसेवकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दातांवरील प्रत्येक डाग जीवनसत्त्वाच्या अभावाचा नसतो. एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या अनेक मुलांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग दिसल्यास पाण्यातील फ्लोराइडची तपासणी करवून घ्यावी. ज्यांच्या दातांवर खळगे पडलेलेच आहेत, त्यांनी दात स्वच्छ राखावेत, गोड पदार्थ कमी खावेत व दंतवैद्यास दाखवावे. त्याच घरात पुढचे मूल व्हावयाचे असेल, तर त्याच्या दातांची काळजी त्याच्या आईच्या आहारापासून सुरू करावी.