चैत्रातला पेहराव

स्त्रियांच्या पोशाखाविषयी एका मास्तराने बोलावे, याचे काही भगिनींना नवल वाटेल. “तुम्हांला काठापदरातले काय कळते?” असे आमच्या घरातही विचारले गेले, आणि ते रास्तच होते. म्हणून कोणता रंग कोणाला खुलतो, हे मी सांगणार नाही. ते तुमचे तुम्ही जाणता. मला बोलायचे आहे ते हवा, कापड आणि काम या तिघांच्या मेळाविषयी. पोशाखातल्या पुष्कळ चुका हा मेळ बिघडल्यामुळे होतात.

उदाहरणाला निघोजे गाव घेऊ. रांजणखळग्यांचे निघोज ते पारनेर तालुक्यातले. हे निघोजे खेड तालुक्यातले, चाकणजवळचे. एके काळी इथल्या बाईचा दिवस घर आणि शेत यांतच सरायचा. आज त्याच शिवारात मोटारींचे कारखाने उभे आहेत. चैत्रात एकाच घरातली सासू कांदे काढायला वावरात जाते, सून पहिल्या पाळीची बस धरते आणि लेक दुचाकीवर मागे बसून कॉलेजात जाते. आता सांगा, तिघींना एकच पोशाख कसा चालेल?

पहिली चूक होते ती ऋतू ओळखण्यात. रंगीत चित्रांतून ‘वसंताचा पोशाख’ म्हणून जो दाखवतात, तो बहुधा थंड मुलुखातला असतो. तिकडे वसंत म्हणजे बर्फ वितळण्याचे दिवस. आपला वसंत चैत्र-वैशाखाचा, म्हणजे ऐन उन्हाचा. शिवाय पुणे भागात मार्चचा दिवस दुहेरी असतो. पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास, तर दुपारी ३५ च्या घरात! पहाटेच्या गारव्यासाठी जाड कपडा घालावा, तर तो दुपारी नकोसा होतो. म्हणून अंगात पातळ सुती कपडा असावा, आणि वर घडी करून पिशवीत ठेवता येईल असे काहीतरी घ्यावे.

दुसरी चूक म्हणजे रंग पाहायचा आणि धागा पाहायचा नाही. सुती धागा साधारण हवेत आपल्या वजनाच्या शेकडा सात-आठ भाग ओलावा धरतो. पॉलिएस्टर अर्धा भागही धरत नाही. घाम टिपला गेला नाही, की कापड अंगाला चिकटते आणि घामोळे उठते. शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. जुन्या सुती धोतराचा एक तुकडा आणि पॉलिएस्टर साडीचा एक तुकडा घ्यावा, दोहोंवर पाण्याचा एकेक थेंब टाकावा आणि काय होते ते मुलांनाच सांगू द्यावे. पॉलिएस्टर स्वस्त असते, लवकर वाळते, इस्त्री मागत नाही, हेही खरेच. संध्याकाळच्या दोन तासांच्या समारंभाला ते खुशाल वापरा. पण दिवसभराच्या उन्हात सुती, आणि तेही फिक्या रंगाचे बरे. गडद रंग ऊन अधिक शोषतो.

तिसरी चूक आरशापुढे होते. आपण कपडा उभ्याने पाहतो, पण दिवसभर काही उभ्या राहत नाही. दोन्ही हात वर करून पाहा, वाका, मांडी घालून बसा. काखेत ताण बसत असेल तर तिथे टाका उसवणारच. तसेच सुती कापड शिवायला देण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढावे. नाहीतर ते पहिल्याच धुण्यात आटते आणि बोल मात्र बिचाऱ्या शिंप्याला लागतो.

चौथी चूक जिवावर बेतणारी आहे. ती म्हणजे सुटे टोक. पदर किंवा ओढणी चुलीजवळ, दुचाकीवर वा यंत्रापाशी मोकळी सोडू नये. कृत्रिम धाग्याचे कापड पेटले की वितळून कातडीला चिकटते. सुतीही भराभर पेट घेते. दुचाकीच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असावे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितले आहे. मागे बसणाराचे कपडे चाकात अडकू नयेत, हाच त्याचा हेतू. गाडी घेतल्यावर ती जाळी काढून टाकू नका, आणि जाळी असली तरी ओढणी मागे गाठ मारूनच बसा. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही चालू यंत्राची तपासणी करणाऱ्या कामगाराचे कपडे अंगासरशी असावेत आणि ते कारखानदाराने पुरवावेत, अशी तरतूद होती. कायदा करणारांना जे १९४८ साली लिहावे लागले, ते आपल्या आजीला केव्हाच ठाऊक होते. तिने कासोटा घातला, पदर कमरेला खोचला, तो कामात काही अडकू नये म्हणून.

पाचवी चूक हौसेची. भारी काठ, अंगभर बुट्टे, वर ठसठशीत हार, असे सगळेच एकदम बोलू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही. एकालाच बोलू द्यावे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला दरसाल उसनवारी करून नवी साडी घेण्याचेही कारण नाही. साध्या सुती साडीवर एक खणाची चोळी पुरे होते.

तेव्हा भगिनींनो, उद्या कपाट उघडाल तेव्हा स्वतःला तीनच प्रश्न विचारा: आज ऊन किती, काम कोणते आणि सुटे टोक कुठे आहे? याची उत्तरे मिळाली, की मग रंग तुमच्या मनाचा. त्यात मास्तराने पडू नये.